चुका मागणाऱ्या डॉक्टरीणबाई

आमच्या डॉक्टरीणबाईंइतकं चुकांवर प्रेम करणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला भजनाचा, कुणाला कबुतरांचा. बाईंना चुकांचा नाद होता. दुसऱ्यांच्या चुकांचा नाद तसा सगळ्यांनाच असतो, त्यासाठी एवढं डॉक्टरकीपर्यंत शिकावं लागत नाही. बाईंचा नाद होता तो स्वतःच्या आणि स्वतःच्या दवाखान्याच्या चुकांचा. एखादी चूक हाती लागली, की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू हरवलेली किल्ली सापडली. आणि आठवडाभर एकही सापडली नाही, तर त्या अस्वस्थ व्हायच्या, दवाखान्याच्या ओसरीवर फेऱ्या मारायच्या आणि म्हणायच्या, "काहीतरी लपतंय. कंपाउंडर, काहीतरी नक्की लपतंय."

नवा महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली होती. चिखलीहून खामगावकडे जाताना उंद्रीच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. जिल्हा परिषदेनं तिथं दवाखाना बांधला, पण डॉक्टर काही टिकेना. येणारा डॉक्टर गावात वीज नाही हे पाहायचा, विहिरीचं पाणी चाखायचा आणि आल्या एस्टीनं परत जायचा. दवाखान्यात कायमचे असे आम्ही तिघंच. मी कंपाउंडर, मूळचा वडनेर भोलजीचा. अकोल्याकडच्या एक सिस्टर. आणि गुलाबराव नावाचा शिपाई, जो दवाखान्यात काम करतो की दवाखाना त्याच्या घरात आहे, हे नवख्याला कळत नसे. अशात एक दिवस पुण्याकडच्या एक चाळिशीच्या बाई एस्टीतून उतरल्या. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि खिळे ठोकलेलं एक जडशीळ खोकं. आम्हाला वाटलं, औषधं आणली असतील. खोकं उघडलं तर त्यात नुसता लाल कार्बोलिक साबण! गुलाबरावानं एक वडी हुंगली आणि हळूच मला म्हटलं, "हे बाई टिकते, कंपाउंडरसाहेब. येवढा साबन संपेलोक तं टिकतेच."

त्या साबणानं गावाची दशा केली. दवाखान्याच्या पायरीशी एक रांजण, एक तांब्या आणि साबण, आणि जो कोणी पायरी चढेल त्याला आतून हाक यायची, "हात!" आजारी असो, आजाऱ्याचा सोयरा असो, की पत्ता विचारायला आलेला पोस्टमन असो. महिन्याभरात गावातली पोरं एकमेकांना रामराम करायच्याऐवजी "हात!" म्हणू लागली. एकदा पंचायत समितीचे सभापती पाहणीला आले. धोतर करकरीत, फेटा बांधलेला, मागे पाच-पन्नास माणसं. बाईंनी आतूनच "हात!" म्हटलं. सभापतींना वाटलं बाई नमस्कार करताहेत. त्यांनी हात जोडले. बाई बाहेर आल्या, त्यांचे जोडलेले हात तसेच धरले आणि रांजणापाशी नेऊन स्वतः तांब्यानं पाणी घातलं. मागची सगळी माणसं मग मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. असे हात धुणारा लवाजमा चिखली तालुक्यानं आधी कधी पाहिला नसेल.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे आजाऱ्यांच्या खाटांवर झोपणं. झोपणं म्हणजे खरोखर झोपणं. डोक्याखाली उशी, अंगावर तेच करड्या रंगाचं ब्लँकेट. त्याच सभापतींनी त्या दिवशी पुढे खोलीत डोकावलं, तर तोवर बाई आत जाऊन कोपऱ्यातल्या खाटेवर उताण्या पडल्या होत्या. सभापती घाबरले. मला म्हणाले, "बाईले बरं नाई का?" बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "मला बरं आहे. ताप आलेल्या माणसाला दिवसभर वर काय दिसतं ते बघते आहे. तुम्हीही बघा ना, ती शेजारची खाट मोकळी आहे." आता पाच-पन्नास माणसांसमोर नाही कसं म्हणणार? सभापती फेट्यासकट आडवे झाले. वर पत्र्याला गांधिलमाशीचं मोठं पोळं होतं आणि त्यातल्या गांधिलमाश्या सरळ सभापतींच्या नाकाकडे येत-जात होत्या. त्या खोलीला लाकडाचं छत मंजूर व्हायला फारसा वेळ लागला नाही.

मी बनवलेलं प्रत्येक मिक्श्चर बाई आधी स्वतः चाखत. ताप आलेल्यांसाठी असलेल्या त्या कडूजहर कोयनेलचा घोट घेऊन त्यांचं तोंड जे व्हायचं, ते पाहायला बाकावरच्या बायका माना उंचावून बसत. "एवढं कडू औषध घ्यायला सांगायचं तर किती कडू आहे ते आपल्याला माहीत नको का?" असा त्यांचा सवाल. आणि अधूनमधून त्या डोक्यावरून पदर घेऊन, पायात चपला न घालता, आजारी बायकांच्या बाकावर जाऊन बसायच्या; इथं माणसाला किती ताटकळावं लागतं, त्याच्याशी कोण कसं बोलतं, ते पाहायला. आपल्याला कुणी ओळखत नाही असा त्यांचा ठाम समज होता. शेजारच्या बुढीला त्या विचारायच्या, "काहून आलात मावशी? मले तं... ताप येऊन राहिला आहे." हे पुणेरी 'राहिला आहे' ऐकूनच बाकावरचं अख्खं बायामंडळ पदरात तोंड खुपसायचं. पण आमच्याकडच्या माणसांचा मोठेपणा असा, की कुणी त्यांना ओळख दिली नाही. उलट एक बुढी गंभीरपणे त्यांना म्हणाली, "इथली डाक्तरीन चांगली हाये, पन लई हात धुवाले लावते. तू घरूनच धुऊन येत जाय बाप्पा." बाईंनी त्या दिवशी मला मोठ्या आनंदानं सांगितलं, की लोक आता घरीही हात धुऊ लागणार आहेत.

पण या सगळ्याच्या वर होता त्यांचा सोमवार. सोमवारी सकाळी, दवाखाना उघडण्याआधी, अंगणातल्या कडुनिंबाखाली आम्ही सगळ्यांनी बसायचं, चहा घ्यायचा आणि बाई विचारायच्या, "बोला, गेल्या आठवड्यात काय बिघडलं?" आधी त्या स्वतःचं सांगायच्या. अमक्या पोराला सुई देताना मी घाई केली, तमक्या म्हाताऱ्याचं पूर्ण ऐकूनच घेतलं नाही. मग आमच्याकडे आशेनं पाहायच्या. पहिले कित्येक सोमवार आम्ही नुसता चहा प्यायलो. सरकारी नोकरीत स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं साहेबाला सांगायची, हे आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. शेवटी एकदा गुलाबरावाच्या पोटात ते मावेना. तो उभा राहिला, टोपी काढली आणि खाली पाहत म्हणाला, "बाई, सुया उकळाच्या स्टोव्हवर म्या आपला चहा ठेवतो. त्याच्यानं कधी कधी सुया उकळाच्या राहूनच जातात. गरम पान्यातून काहाडून घेतो."

मला आणि सिस्टरना वाटलं, गुलाबरावाची नोकरी आता गेलीच. बाई उठल्या. गुलाबरावासमोर जाऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "गुलाबराव, तुम्ही आज किती जणांचे हात-पाय पिकायचे वाचवलेत, माहिती आहे?" मग त्या स्वतःच्या खोलीत गेल्या आणि त्यांचा स्वतःचा स्टोव्ह घेऊन आल्या. "हा चहाचा. तो सुयांचा. चहा तर आपल्याला लागणारच." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून गुलाबरावाला मात्र चुका सांगायची अशी चटक लागली, की सोमवारी त्याला आवरावं लागे. एकदा तो म्हणाला, "बाई, काल म्या बायकोले शिवी देल्ली." बाई म्हणाल्या, "हे दवाखान्याचं नाही, गुलाबराव, पण घरी जाऊन त्यांना जरूर सांगा." त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला. काय झालं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि ती चूक होती की नव्हती यावर आमचा कधी निकाल लागला नाही.

हे सगळं मी हसत सांगतो आहे. पण बाईंचा हा नाद म्हणजे काय चीज आहे, हे मला कळलं ते माझ्या घरावर वेळ आली तेव्हा. माझी बायको विमल, पहिल्या खेपेची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. माझी माय म्हणे, गावातली सुईण बोलावू. दवाखान्यात बाळंत व्हायला गेलेली बाई म्हणजे जणू काही वाईटच झालं, असं तेव्हा गावात मानत. बाई स्वतः घरी आल्या, मायच्या शेजारी चुलीपाशी बसून तिच्याशी गोष्टी केल्या आणि शेवटी माय कशीबशी तयार झाली. भर दुपारी विमलला मुलगी झाली. अगदी त्याच वेळी बैलानं पोटात शिंग खुपसलेला एक माणूस गाडीतून घेऊन आले. रक्त थांबत नव्हतं. बाई विमलला सिस्टरच्या हवाली करून तिकडे धावल्या. तो माणूस वाचला. गावभर बाईंचं नाव झालं.

आणि चार-पाच दिवसांनी विमल तापानं फणफणली. बोलता बोलता भलतंच बोलायला लागली. अंगावरून जायला लागलं ते थांबेना. बाईंनी तिला तपासलं आणि बाहेर आल्या. ओसरीवर मी होतो, पोरीला मांडीवर घेतलेली माय होती, दारात सिस्टर.

"बाळ झाल्यावर मागून वार पडते," त्या म्हणाल्या, "ती सगळी पडली की नाही, हे पाहायचं असतं. मी दर वेळी पाहते. त्या दिवशी पाहिली नाही. तुकडा आत राहिला आहे, त्यानं हे झालं. ही चूक माझी आहे. आता हिला लगेच बुलढाण्याला न्यायला हवं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, बाईंनी हे सांगितलं नसतं तर किती बरं झालं असतं. बाळंतिणीला ताप यायचाच, असं म्हणाल्या असत्या तर मी कंपाउंडर असूनही मानलं असतं. निदान राग कुणावर धरावा हा प्रश्न तरी पडला नसता. मायनं तो प्रश्न ठेवलाच नाही. ती उसळली, "मंग तुमी डाक्तर काह्याच्या? माही सून मेली तं?"

"बरोबर आहे, आई," बाई म्हणाल्या. त्यांनी पंचायत समितीची जीप मागवली आणि मागच्या बाजूला विमलचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. चिखलीच्या पुढे रस्ता असा खराब होता, की प्रत्येक खड्ड्याला विमल कण्हायची आणि बाई तिच्या कपाळावर हात दाबून धरायच्या. माय पोरीला घेऊन समोर बसली होती. पूर्ण रस्ताभर तिनं मागे वळून पाहिलं नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनाही बाईंनी पहिलं वाक्य तेच सांगितलं, "माझ्या हातून राहिलं आहे." त्यांनी विमलला आत घेतलं. बाई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या, बाक रिकामा असूनही. संध्याकाळी विमलचं रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तापही उतरला आणि तिनं पाणी मागितलं. मायनं गाठोडं सोडलं, भाकरी आणि ठेचा काढला आणि त्या भिंतीपाशी गेली. मला वाटलं आता पुन्हा भडका उडतो. माय म्हणाली, "खा वं बाई. कालपासून उपाशी हायेस." काल 'तुमी' होत्या, आज 'तू' झाल्या. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाता खाता त्यांना रडू आलं. ठेचा तिखट होता असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

पुढे मी एकदा त्यांना विचारलं, की तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला काय कळलं असतं? त्या म्हणाल्या, "तुम्हाला नसतं कळलं. पण मला पुढच्या वेळी सांगणं आणखी अवघड गेलं असतं. मग त्याच्या पुढच्या वेळी मी स्वतःलासुद्धा सांगितलं नसतं."

त्यानंतरच्या सोमवारी कडुनिंबाखाली बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. लपवाछपवी नको म्हणून, दवाखाना उघडण्याआधीच येऊन बाकावर बसलेल्या बायकांनाही जवळ बोलावून सांगितलं. ऐकता ऐकता सिस्टर एकदम रडायला लागल्या. म्हणाल्या, "बाई, मले दिसलं होतं. तुम्ही वार न पाहता गेल्या, हे मले दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोठ्या. मी कशी बोलू?"

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "वार पाहायची राहिली, ही माझी एक चूक. पण इतके दिवस एकत्र काम करून तुम्हाला माझ्याशी बोलायची भीती वाटली, ही त्याहून मोठी. ती मला दिसलीच नव्हती." त्यांनी तिथल्या तिथे नियम केला. बाळंतपण झालं की खोलीत जो कोणी असेल त्यानं मोठ्यानं विचारायचं, "वार पाहिली का?" आणि उत्तर दिल्याशिवाय डॉक्टरनं उंबरा ओलांडायचा नाही. मग छप्पर कोसळत असलं तरी.

बाईंनी सगळ्यांसमोर सांगितल्यामुळे व्हायचं तेच झालं. गावातली काही कर्ती माणसं सभापतींना घेऊन दवाखान्यात आली. स्वतःच चुकले म्हणणारी डॉक्टरीण आपल्याला नको, तिची बदली करा, असं त्यांचं म्हणणं. सभापती चुळबुळत होते; लाकडी छताकडे त्यांची नजर जात होती. मी काही बोलणार, तेवढ्यात माझी माय पायरी चढून आली. आधी तिनं रांजणावर हात धुतले. मग आत येऊन म्हणाली, "सून माही. मराले टेकली होती ते माही सून. मले तक्रार नाई, तं तुमाले काऊन हाये?" एकेकाकडे बोट दाखवत ती पुढे म्हणाली, "घरोघरी बाया बाळंतपनात मेल्या. तुमच्या घरी मेल्या, माह्या बहिनीचं तसंच झालं. तवा कोनी आलं होतं का सांगाले, का माही चूक झाली म्हनून? देवानं नेली म्हनून सांगत. हे एकटी बाई म्हनते का देवानं नाई, माह्यानं झालं. आन् हिलेच हाकलता?" सभापतींनी फेटा सारखा केला, "बाई इथंच राहतीन," म्हणाले आणि उठले. माणसं त्यांच्या मागोमाग निघाली. जाताना एकानं तर पुन्हा हात धुतले.

पुढं आमच्या दवाखान्याची अशी ख्याती झाली, की लांबलांबच्या गावांतून बाळंतिणी बैलगाड्यांतून येऊ लागल्या. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरकडची एक लेक आपल्या मामाकडे मुद्दाम येऊन राहिली, ती केवळ आमच्या दवाखान्यासाठी. एकदा सभापतींच्याच सुनेचं बाळंतपण झालं आणि नातवाच्या आनंदात ते बाईंना दारातच पेढे भरवायला लागले. आतून सिस्टरांचा खणखणीत आवाज आला, "बाई, वार पाहिली का?" बाई तोंडात पेढा तसाच ठेवून आत पळाल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड पेढ्यापेक्षा गोड झालं होतं. अकोल्याच्या त्या मुखदुर्बळ सिस्टर डॉक्टरला दरडावतात, याचा त्यांना कोण अभिमान! गुलाबरावाला तर हे वाक्य इतकं आवडलं, की एका मिशाळ पाटलांच्या मानेवरचं गळू कापून झाल्यावरही त्यानं दारातून दमात विचारलं, "बाई, वार पाह्यली का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पाहिली, गुलाबराव. पूर्ण पडली." पाटील काही दिवस काळजीत होते.

अशी माणसं एका जागी ठेवायची नसतात असा बहुधा सरकारचा नियम असावा. बाईंची बदली झाली, पार चांद्याकडच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडच्या जंगलात. ज्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही तिथं त्यांनी स्वतःच मागून घेतली, असंही कुणी म्हणे. त्या गेल्या त्या सकाळी गाव एस्टीच्या थांब्यावर लोटलं होतं. गुलाबराव ट्रंक टपावर चढवून पुन्हा उतरवत होता, नीट बांधली नाही म्हणून. गाडी सुटायच्या वेळी माय पुढे झाली आणि खिडकीतून हात घालून तिनं बाईंना विचारलं, "तुले माहेर हाये का वं कोठी?"

इतकी वर्षं आमच्यात राहिलेल्या बाईंच्या घरी कोण आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कुणी विचारलं. बाईंनी हसून नुसती मान हलवली. नाही.

"मंग माहं घर तुहं माहेर," माय म्हणाली. "दिवाईले येजो."

"येईन," बाई म्हणाल्या. मग सावरून, आपल्या त्या पुणेरी वऱ्हाडीत, "येऊन राहीन, माय." या वेळी मात्र कुणी पदरात तोंड लपवून हसलं नाही. गाडी धुरळा उडवत खामगावकडे वळली.

त्या दिवाळीला मायनं करंज्या केल्या, त्यातल्या थोड्या डब्यात वेगळ्या काढल्या आणि एक चोळीचा खण आणून त्यावर ठेवला. भाऊबीजेच्या दिवशी सायंकाळपर्यंत ती ओसरीवर बसून एस्टीच्या रस्त्याकडे पाहत होती. बाई आल्या नाहीत. चांद्याहून येणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि तिथंही त्यांना सोडवत नसेल. पुढे त्यांची आणखी बदली झाली म्हणे, मग कुठं गेल्या ते कळलं नाही. माय होती तोवर दर दिवाळीला डबा वेगळा निघायचा. माय गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी पाहिलं, तर विमल करंज्या तळता तळता काही बाजूला काढत होती. आता आमची मुलगी तिच्या सासरी आहे, तिची लेकरं मोठी झाली, आणि विमल अजूनही डबा काढते. एखाद्या वर्षी येतीन बाई, म्हणते. बाईंचं वय आता किती झालं असेल, याचा हिशोब मी तिच्यासमोर कधी मांडत नाही.